गुत्ता, कायदा आणि माळ

मराठवाड्यात रस्त्याचे किंवा पाझर तलावाचे काम घेणाऱ्या माणसाला 'गुत्तेदार' म्हणतात. पुण्यामुंबईकडचा माणूस हा शब्द प्रथम ऐकतो तेव्हा जरा दचकतोच. त्याच्या कानाला 'गुत्ता' म्हणजे दारूचा गुत्ता, एवढाच अर्थ ओळखीचा. वास्तविक दोन्ही अर्थ एकाच घरचे. गुत्ता हा तेलुगू-कानडीच्या शेजारातून आपल्याकडे आलेला शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ मक्ता किंवा ठेका. अमक्या भागात दारू गाळण्याचा नि विकण्याचा हक्क सरकारने ठराविक रक्कम घेऊन एखाद्याला द्यावा, तो गुत्ता. पुढे जिथे ती दारू मिळे त्या जागेलाच हे नाव चिकटले.

वाचकहो, या लहानशा शब्दात आपल्या विषयाचा निम्मा इतिहास आला. दारूच्या दुकानाला नाव मिळाले ते सरकारी उत्पन्नावरून. दारू किती विकली जावी, कोणी विकावी, हा प्रश्न गेली दोनशे वर्षे प्रामुख्याने खजिन्याचा राहिला. पिणाऱ्याच्या घरचे काय, त्याच्या पोरांचे काय, हा प्रश्न मागाहून आणि फार थोड्यांनी विचारला. तो कोणी, केव्हा विचारला आणि त्याला आपल्या बीड जिल्ह्यात आज काय उत्तर द्यावे, हे सांगण्यासाठी हे चार शब्द.

पेशवाईत दारू गाळण्याविकण्यास मनाई करणारे हुकूम निघत. फिरंगी गोलंदाजांना तेवढी आपल्यापुरती सवलत असे. हुकूम किती पाळले जात हा भाग वेगळा. पण राज्यकर्त्याने दारूकडे उत्पन्नाची बाब म्हणून पाहायचे नाही, हा संकेत तरी होता. कंपनी सरकार आले नि तो मोडला. 'अबकारी' या नावाचे स्वतंत्र खातेच उभे राहिले. 'आब' म्हणजे पाणी. पाण्याचा हा धंदा सरकारला चांगलाच मानवला. 1878 साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला, आणि 1892 साली ठाणे-कुलाबा भागासाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा वेगळा कायदा आला. घरच्या घरी मोहाची फुले गाळणाऱ्या आदिवासीला त्यामुळे मक्तेदाराच्या दुकानाची वाट धरावी लागली.

याला विरोध कोणी केला? पहिले ठळक नाव जोतीराव फुल्यांचे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना 1880 साली त्यांनी शहरात दारूची नवी दुकाने काढू देण्यास हरकत घेतली. दारूने कुटुंबे धुळीला मिळतात, आणि नगरपालिका ज्या लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करते त्याच लोकांच्या दारी हे दुकान मांडले जाते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, 1908 च्या उन्हाळ्यात, लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात गुत्त्यांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. येणाऱ्या गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवायचे, एवढेच त्यांचे काम. सरकारने ते बंद पाडले. दारू पिऊ नका असे सांगणे हा राजद्रोहाचा शेजारी कसा ठरला, हे कोडे वाटेल. पण गुत्ता हा खजिन्याचा हात आहे हे ध्यानात घेतले की ते लगेच सुटते.

इकडे आपण निजामाच्या राज्यात होतो. बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात. येथे मुंबईचा कायदा नव्हता, फसली 1316 चा हैदराबादचा अबकारी कायदा होता. ओढ्यांच्या काठी शिंदीची बने, आणि शिंदीच्या दर झाडावर सरकारी कर. अबकारी हे संस्थानच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक होते. म्हणूनच एक गोष्ट घडली, जी आमच्या इतिहासाच्या वर्गात सांगितली की विद्यार्थी मान वर करून ऐकतात. ऑगस्ट 1947 मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्यासाठी लढा पुकारला. हे स्वामीजी काही वर्षे आपल्याच अंबाजोगाईत शिक्षक होते. त्या लढ्याच्या कार्यक्रमात जंगल सत्याग्रह होता, करोडगिरीचे नाके उठवणे होते, साराबंदी होती आणि शिंदीची झाडे तोडणे हेही होते. मराठवाड्यातल्या गावोगावच्या तरुणांनी कुऱ्हाडी घेतल्या नि शिंदीची बने आडवी केली. एका घावात दोन कामे. निजामाचे उत्पन्न तुटले आणि गावची दारूही तुटली. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान संपले. झाडे तोडणाऱ्या पोरांना असे वाटले असेल की गुत्ताही संपला. तो मात्र संपला नव्हता.

आता मुंबई राज्याकडे वळू. कारण पुढे त्यांचा कायदा आपल्या वाट्याला आला.

1937 साली प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. दारूबंदीचे वचन तर दिलेले. पण हिशेब मांडायला बसल्यावर असे दिसले की, प्रांतांच्या शाळा चालवायला जो पैसा लागतो त्याचा मोठा भाग अबकारीतून येतो. म्हणजे बापाने प्यावे तेव्हा पोराने शिकावे! गांधीजींना ही गोष्ट फार बोचली. दारूचे उत्पन्न सोडायचे तर शाळा कशावर चालवायच्या, या पेचातूनच शाळेने आपला खर्च काही अंशी हस्तोद्योगातून भागवावा हा विचार त्यांनी पुढे केला, आणि ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. नयी तालीम या नावाने आपण जी योजना ओळखतो तिच्या जन्माशी दारूबंदीचा असा संबंध आहे. शाळा आणि गुत्ता एकाच पैशावर जगू नयेत, हा त्यातला मुद्दा. ती योजना पुढे बारगळली. मुद्दा मात्र आज जसाच्या तसा उभा आहे. 2025 च्या जूनमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दारूवरचे कर वाढवले तेव्हा वर्षाला सुमारे 14 हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सांगण्यात आला. या आकड्यात शाळा, दवाखाने, रस्ते सगळेच आले, हे नाकारून चालणार नाही.

मुंबई शहरात पहिली दारूबंदी 1 ऑगस्ट 1939 ला झाली. डॉ. गिल्डर हे त्या खात्याचे मंत्री. पण मंत्रिमंडळ थोड्याच दिवसांत गेले आणि ती बंदीही ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला नि 6 एप्रिल 1950 पासून पूर्ण बंदी सुरू झाली. राज्यघटनेच्या 47 व्या कलमाचे पाठबळ तर होतेच.

इथे आपल्या जिल्ह्याचा एक गमतीचा काळ येतो. आष्टी-पाटोद्याचा माणूस आणि पलीकडचा नगरचा माणूस यांची बोली एक, सोयरीक एकमेकांत, बाजारही एकमेकांचे. पण नगर जिल्हा मुंबई राज्यात म्हणून तिकडे दारूबंदी, आणि आपण हैदराबाद राज्यात म्हणून इकडे दुकाने उघडी. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी अबकारीचा जुना कायदा आपल्याकडे चालूच होता. 1959 साली दारूबंदीचा कायदा मराठवाड्याला आणि विदर्भाला लागू झाला, तेव्हा कुठे शिवेच्या दोन्ही बाजूंना एक नियम झाला. एकाच जातकुळीच्या, एकाच पंचक्रोशीच्या दोन गावांत, केवळ शिवेच्या एका दगडामुळे, एकीकडे पिणे गुन्हा आणि दुसरीकडे पिणे सरकारी उत्पन्न! लोकांनी यावरून कायद्याविषयी काय धडा घेतला असेल? हाच की, दारू वाईट आहे की नाही हे वरचे लोक ठरवतात आणि ते बदलतही राहतात.

आणि ते बदललेच. दुकाने बंद झाली पण तहान तशीच राहिली, म्हणून हातभट्टी आली. गूळ, नवसागर, हाती लागेल ते सडवून ओढ्याच्या काठी पिंपे पुरली जाऊ लागली. पोलिसाला हप्ता, भट्टीवाल्याला नफा नि पिणाऱ्याला विष. हातभट्टीचे हे विष अजून संपलेले नाही. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. साठीच्या दशकापासून सरकारने बंदी हळूहळू सैल केली, आणि 1973 च्या नियमांनी 'देशी दारू' परवान्यावर उघड विकली जाऊ लागली. कायद्याचे नाव अजूनही दारूबंदी कायदाच आहे. कागदोपत्री आजही पिणाऱ्याला परवाना लागतो! नाव बंदीचे नि काम परवान्याचे, असा हा संसार गेली पन्नास वर्षे चालला आहे.

आता ही देशी दारू कशापासून होते ते पाहा. ती होते मळीपासून. एक टन ऊस गाळला म्हणजे साधारण शंभर किलोच्या वर साखर निघते आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी उरते. एक टन मळी आंबवून तिची वाफ धरली की सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क मिळतो. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली आणि पुष्कळांनी शेजारी आसवनीही उभारली. मद्यार्क औषधाला लागतो, रसायनांना लागतो, अलीकडे पेट्रोलमध्येही मिसळतात. सगळा दारूतच जातो असे नव्हे. पण देशी दारूच्या बाटलीचे मूळ उसाच्या फडात आहे. आणि तो ऊस तोडतो कोण? आपल्या बीड जिल्ह्याचा माणूस.

इथे आपण विषयाच्या गाभ्याशी आलो. तेव्हा जरा थांबून, कायद्याखेरीज दुसरे कोणते उपाय आपल्याकडे होते ते पाहू.

दुसरा उपाय माळेचा. वारकऱ्याने तुळशीची माळ गळ्यात घातली की मद्य-मांस सुटले. हा उपाय सरकारी नाही नि त्याला पोलीस लागत नाही. तरी तो शतकानुशतके टिकला, याचे कारण काय? माळ चारचौघांत घालतात. घरच्या बाईला, आईला, सोयऱ्याधायऱ्यांना ती दिसते. लग्नात पंगतीबाहेर कोणी बाटली काढली तर माळकऱ्याला आग्रह होत नाही. वर्षात आषाढी-कार्तिकी येते, गावात हरिनाम सप्ताह बसतो. नेमाची आठवण देणारा दिवस ठरलेला असतो. नेम मोडला तर लाज, पाळला तर मान. म्हणजे व्यसन सोडणाऱ्या एकट्या माणसाला भोवती माणसे मिळतात. आजचे वैद्य याला आधारगट म्हणतील.

आपल्या बालाघाटाच्या डोंगरात हे काम फार मोठ्या प्रमाणावर झाले. पाटोदा तालुक्यातील सुपे सावरगावी 1896 साली जन्मलेल्या भगवानबाबांनी बीड-नगरच्या शिवेवरच्या गडावरून, 1965 मध्ये देह ठेवीपर्यंत, कीर्तनातून हेच सांगितले. पशूची हत्या नको, व्यसन नको, पोरांना शिकवा. शेत विकावे लागले तरी मुलाला शाळेत घाला, असा त्यांच्या नावाने सांगितला जाणारा उपदेश या भागात थोरामोठ्यांच्या तोंडी आहे. दरसाल वेगळ्या गावी होणारा नारळी सप्ताह म्हणजे हजारोंची फिरती शाळाच होती. विदर्भात गाडगेबाबांनी याच सुमारास हाच धडा खराटा हातात घेऊन शिकवला. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. जातीच्या पंगतीला दारू लागतेच, हा समज एका घरच्या बारशाने मोडता येतो, एवढे धैर्य त्यात होते.

पण माळेलाही मर्यादा आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. माळ बहुधा उतरत्या वयात घालतात. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा ज्या दिवशी पहिला घोट घेतो किंवा पहिली पुडी फोडतो, त्या दिवशी कीर्तनकार त्याच्या शेजारी नसतो. आणि दुसरे असे की माळ भक्ताची. ज्याची श्रद्धा नाही, ज्याचा धर्म वेगळा आहे, त्याला काय सांगायचे?

तिसरा उपाय बायकांचा. 1990 च्या सुमारास आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यात साक्षरतेचे मोठे अभियान झाले. रात्रीच्या वर्गात बायकांच्या हाती जी वाचनपुस्तके दिली त्यांत नवऱ्याच्या दारूने उद्ध्वस्त झालेल्या बाईची गोष्ट होती. अक्षरे गिरवता गिरवता बायकांनी ती आपलीच म्हणून ओळखली. दुबगुंटा नावाच्या लहानशा गावी बायकांनी ताडी-दारूवाल्यांना गावाबाहेर काढले, आणि 1992 मध्ये हे लोण जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. सरकारला 1993 मध्ये गावठी दारू बंद करावी लागली, आणि जानेवारी 1995 पासून पूर्ण दारूबंदी झाली. वाचनपुस्तकातल्या एका धड्याने सरकार हलले. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. कायदा झाला, बायका आपापल्या घरी परतल्या, रात्रीचे वर्ग बंद पडले. आणि 1997 मध्ये उत्पन्नाची ओढाताण सांगून सरकारने बंदी उठवली.

आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीची कथा याहून लांबली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या साथीने तिथल्या गावांनी 1988 च्या सुमारास दारूमुक्तीची चळवळ उभारली आणि 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या चंद्रपूरला ती 2015 मध्ये आली नि 2021 मध्ये उठली. गडचिरोलीची टिकली. कायदा आल्यावरही तिथे गावोगावच्या संघटना नि सल्ला-उपचाराचे काम चालू राहिले, 2016 पासून 'मुक्तिपथ' या नावाने तर अधिक जोमाने, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते. 2008 च्या आदेशाने राज्यभरच्या बायकांना आणखी एक हक्क मिळाला. एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यायचे, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडवी बाटली' केली तर गावचे दुकान बंद. साताऱ्यापासून अनेक ठिकाणी बायकांनी असे कौल जिंकले.

चौथा उपाय उपचाराचा. 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता नि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीने त्याला हात दिला. त्यांनी शिकवलेली मोठी गोष्ट ही की, व्यसनी माणूस हा गुन्हेगार नव्हे, रुग्ण आहे. आणि त्याच्याबरोबर त्याचे घरही आजारी पडते. म्हणून तिथे पत्नींसाठी 'सहचरी'च्या निराळ्या सभा होतात. आमच्या शेजारी राळेगणसिद्धीला 1975 नंतर गावाने दारू घालवली ती प्रसंगी दारुड्याला खांबाला बांधून. गाव सुधारले हे खरे. पण खांबाला बांधलेल्या बापाचे पोर घरी जाऊन काय शिकते, हा प्रश्न मुक्तांगणच्या वाटेने गेल्यावरच सुचतो.

आता हे सगळे उपाय हातात घेऊन बीड जिल्ह्यात येऊ.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून लाखोंच्या संख्येने माणसे ऊसतोडीला निघतात. सांगली-कोल्हापूर, पुणे, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत राबायचे. पहाटे तीन-चारला फडात, दिवसा तोड नि मोळ्या बांधणे, मग गाडी भरणे; राहायला पाचटाची कोपी. उचल हाती पडते ती निघण्याआधी, एकरकमी. हंगामात रोजचा रोख पैसा मिळतो तो वाढे विकून. अंग ठणकत असते, थंडी असते आणि अड्ड्यापासून जवळच कोठेतरी दुकान असते. माणूस पितो, यात नवल काय? बाई पाठ दुखते म्हणून, भूक मारायची म्हणून, मिश्री लावते. आणि ती मिश्री, तो तंबाखू, ती बाटली दुकानातून आणायला कोणाला धाडतात? घरातल्या पोराला.

या कुटुंबाला वर सांगितलेले उपाय किती पोचतात, ते एकेक पाहा. कायदा? तो गावच्या दुकानाला लागेल, कोपीशेजारच्या दुकानाला नाही. माळ? कार्तिकी नि हिवाळ्यातले सप्ताह होतात तेव्हा हे लोक फडात असतात. बायकांचे मतदान? मोजणी एकूण महिला मतदारांवर. आणि ऐन हंगामात गावच्या निम्म्या बायका दुसऱ्या जिल्ह्यात. उपचार? व्यसन सोडवायला महिना-दीड महिना एका जागी राहावे लागते; उचल घेतलेल्याला ते कोण राहू देतो? सारांश, हे सगळे उपाय एका जागी राहणाऱ्या माणसासाठी घडले. आपला माणूस निम्मे वर्ष फिरता आहे. गुत्ता मात्र जागोजागी आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, बीडमध्ये व्यसनाविरुद्धचा खरा उपाय मुलाला गावात, शाळेत थांबवण्यापासून सुरू होतो. हंगामी वसतिगृहे याचसाठी निघाली. आईबाप तोडीला गेले तरी पोर गावात राहते, जेवते, शाळेला जाते. 2021 मध्ये सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 82 वसतिगृहांची योजना मंजूर केली. शिरूर कासार तालुक्यात आर्वीचे शांतिवन याच मुलांसाठी कधीचे झटते आहे. या कामांना आपण शिक्षणाची कामे म्हणतो, ती आहेतच. पण ती तितकीच व्यसनमुक्तीचीही कामे आहेत, हे ध्यानात घेतले तर त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलेल. वसतिगृहातले पोर सहा महिने दुकानाची वाट चालत नाही. आणि ज्या वयात सवय जडते ते हेच वय. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या प्रौढांचे प्रमाण 31.4 वरून 26.6 टक्क्यांवर आले, ही चांगली बातमी. पण त्याच पाहणीत 15 ते 17 वर्षांच्या मुलांतले प्रमाण 2.9 वरून 5.5 टक्क्यांवर गेले. मोठे सोडताहेत नि लहान धरताहेत! 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे, मुलाला दारू-तंबाखू देणाऱ्याला 2015 च्या बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत कैद आहे. तरी हे आकडे असे. कायद्याचा हात दुकानापर्यंत जातो; 'जा रे, एक पुडी घेऊन ये' असे म्हणणाऱ्या बापाच्या जिभेपर्यंत तो जात नाही.

तेव्हा वाचकहो, मोठ्या योजना सरकारने कराव्यात; पण आपल्या हातची काही साधी कामे आहेत. शिक्षकांनी दारूचा धडा दिवाळीनंतर न ठेवता दसऱ्याआधी, पोरे गावात असताना घ्यावा, आणि त्या दिवशी आईबापांनाही बोलवावे. उचलीचा हिशेब बायको-नवऱ्याने मिळून लिहावा. पोराला लिहिता येत असेल तर त्यालाच लिहायला बसवावे. दुकानबंदीचा कौल घ्यायचा असेल त्या गावाने तो वैशाख-ज्येष्ठात घ्यावा, सगळ्या बायका परतलेल्या असताना. सप्ताह करणाऱ्यांनी एक सप्ताह उन्हाळ्यात, फडावरून आलेल्यांसाठी बसवावा, नि त्यात मुलांच्या शाळेविषयी एक दिवस बोलावे. जो सोडू पाहतो त्याला हिणवू नये, त्याला वैद्याकडे न्यावे. आणि घरात कोणीही, कितीही दमलेला असला तरी, पुडीसाठी किंवा बाटलीसाठी पोराला दुकानात धाडू नये.

शिंदीची बने तोडणाऱ्या त्या तरुणांनी 1947 साली ज्या राजवटीचा खजिना तोडला ती परकी म्हणून त्यांना तोडता आली. आजचा खजिना आपलाच आहे. त्यावर कुऱ्हाड चालवायची नाही. पण त्या खजिन्यातला दारूचा पैसा निदान ज्या घरांतून अधिक येतो त्या घरच्या पोरांच्या वसतिगृहावर, शाळेवर अगोदर खर्च व्हावा, एवढी मागणी ग्रामसभेत करायला कोणाची हरकत असू नये. यंदाच्या दसऱ्याआधीची ग्रामसभा त्यासाठी चांगली वेळ आहे.